तसबिरीपुढचा दिवा

"उतर खाली. तुला उतर म्हणते न्हवं, का शिडी वडू?"

ही माझी आक्का. माझी थोरली बहीण. उंची पावणेपाच फूट, आवाज मात्र आठ फुटी. निपाणीच्या कडेला आमची जनता घरांची वसाहत होती. तिथं आक्का ओरडली की पार कोगनोळीच्या नाक्यावर उभे असलेले ट्रक मागून मोठी गाडी आली समजून बाजूला व्हायचे. हे मी आजवर शंभर जणांना सांगितलंय आणि ज्यांनी तिला ऐकलंय त्यातल्या एकानंही मला खोटं पाडलेलं नाही.

शिडीवर वायरमन होता. कंत्राटदाराचा माणूस, बेळगुंदीकडचा, शांत स्वभावाचा. शांत राहण्यावाचून त्याला इलाजही नव्हता, कारण तोंडात खिळे धरलेले होते. आक्काच्या घरातल्या मागच्या भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीच्या जरा वर, तो लाकडी गुट्टी ठोकत होता. गुट्टीवर लाकडी पट्टी येणार, पट्टीवरनं वायर, वायरच्या टोकाला होल्डर, आणि होल्डरमध्ये सरकारनं गरिबाला फुकट दिलेला एकुलता एक बल्ब.

आक्कानं एका हातानं शिडीचा पाय धरला होता. दुसऱ्या हातात बिड्यांचं सूप, त्यात तंबाखू, पानं, कात्री आणि दोऱ्याची रिळं. एवढ्या रागातही तंबाखूची एक चिमूट सांडली नव्हती.

"मला दिवा हितं नगो," ती म्हणाली. "मला दारात पायजे. उंबऱ्यावर."

वायरमननं खिळे तळहातावर काढले. "आक्का, माझ्याकडं नकाशा हाय. नकाशात आत हाय. मी काय मनानं ठोकतोय व्हय?"

"कुणी काढला नकाशा? त्याला हिकडं बोलीव."

वायरमननं हातोडी उचलली आणि तिच्या पाठीमागं दाखवली. शिडीच्या पायथ्याशी, काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन, नव्या टेरिकॉटच्या शर्टात मी उभा होतो.

आक्कानं वळून बघितलं. सूप घेऊन दारात जाऊन बसली. ओरडणारी आक्का मी जन्मभर सोसली होती, पण ही गप्प बसलेली आक्का मला नवी होती.

वायरमननं माझी दया केली. म्हणाला, "गुरुवारी साहेब तपासणीला येत्यात. तवर मी पलीकडच्या वळीतल्या वायरी ओढतो. तुमी काय ते नकाशाचं बघा."

आता माझं पाप सविस्तर सांगतो.

मी वीजखात्याच्या एका कचेरीत ट्रेसर होतो. कुठल्या गावच्या ते सांगत नाही, अजून तिथनंच माझी पेन्शन येते. ट्रेसर म्हणजे साहेबानं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं गिरवणारा माणूस. खांब कुठं, तारा कुठनं, कुठल्या घराला दिवा कुठं, हे सगळं माझ्या रेघेवर ठरायचं, म्हणजे निदान मी तरी तसं सांगत फिरायचो. माझी रेघ एवढी सरळ होती की एकदा एक माशी तिच्यावरनं चालत गेली आणि वाटेत कुठंही वळली नाही.

ही रेघ मला आक्कानं दिली होती. आई गेली तेव्हा ती स्वतः लग्नाची पोर होती. बिड्या वळून वळून तिनं मला बेळगावला ड्रॉइंगच्या कोर्सला घातलं. माझी खोली, माझी मेस, माझं शाईचं पेन, सगळ्याला तंबाखूचा वास होता. निपाणीत जन्मलेलं पोर तसंही रडत नाही, आधी शिंकतं. पण मी तर नोकरीला लागलो तेव्हा कचेरीत माझ्या टेबलाजवळ येणारा प्रत्येक जण शिंकायचा, आणि मी सांगायचो की फायलींची धूळ आहे.

आमची वसाहत सरकारनंच बांधलेली. एक खोली, मध्ये अर्धी भिंत, वर मंगळुरी कौलं. नकाशात प्रत्येक घराला खिडकी होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे, माझ्या हातानं गिरवली आहे, तिला दोन गजसुद्धा होते. घरात मात्र ती कुठंच नव्हती. चाळीसेक घरांच्या चाळीसेक खिडक्या गेल्या कुठं? बांधकामाच्या कंत्राटदाराच्या बंगल्याला समोरूनच बारा खिडक्या होत्या, एवढं मी सांगतो, बाकीच्या मागच्या बाजूला असतील.

तर अशा बिनखिडकीच्या घरांत दहा वर्षं चिमण्या आणि कंदील जळत होते. दोन राज्यं आमच्या पट्ट्यासाठी भांडत होती, मोर्चे निघत होते, पाट्या पुसल्या जात होत्या, आणि आमच्या वसाहतीत एक विजेचा खांब रोवायला दोघांपैकी कुणालाही सवड नव्हती. मग ऐंशी सालाच्या आसपास वरून हुकूम आला: गरिबांच्या घरोघरी एक दिवा. एकच, दुसरा मागायचा नाही, बटणाखेरीज काही जोडायचं नाही. तरी त्या दिवशी मी कचेरीत पेढे वाटले. यादीत आमची वसाहत होती.

हुकुमाबरोबर एक फॉर्म आला होता. कन्नडमध्ये आणि इंग्रजीत छापलेला, म्हणजे आमच्या वसाहतीत तो वाचू शकणारा मी एकटा. त्यात एक रकाना होता: दिव्याची जागा. घरोघरी जाऊन विचारायचं, लिहायचं आणि खाली कुटुंबप्रमुखाची सही किंवा अंगठा घ्यायचा. कुटुंबप्रमुख! दिवसातले बारा तास जो घरात नसतो, घराचं कौल कुठनं गळतं ते ज्याला पाऊस पडल्यावर बायको सांगते, त्या इसमाला सरकार कुटुंबप्रमुख म्हणतं.

मी रविवारी गेलो, पुरुष घरी सापडावेत म्हणून. पहिलं घर अर्थात आक्काचं. ती उंबऱ्यावर बसलेली, पाय बाहेर सोडून, मांडीवर सूप. मी तिच्या सुपावरनं लांब टांग टाकली, "जरा सरक की" असंही म्हणालो, आणि आत दाजींच्या पुढ्यात जाऊन बसलो. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. तंबाखूच्या वखारीत हमाल. पोतं उचलायचे तर असं, की पोत्यालाच आपण हलके आहोत असं वाटावं. स्वभावानं देवमाणूस, पण वर्षाकाठी बोलायचे दहा वाक्यं. त्यातली दोन त्यांनी त्या दिवशी माझ्यासाठी खर्च केली.

"तसबिरीपुढं," ते म्हणाले. "आजपातूर तिच्यापुढं आमी चिमणी लावली, आता ह्या घरातला पयला लाइटचा दिवा तिच्यापुढंच लागू दे."

खोटं सांगत नाही, माझे डोळे भरून आले. मी रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: तसबिरीपुढे. दाजींनी सही केली, पाच मिनिटं लावून केली.

मग पुढचं घर. तिथल्या माणसानं विचारलं, पलीकडं काय सांगितलं? मी म्हटलं, तसबिरीपुढं. आता त्या बिचाऱ्यानं काय म्हणावं, चुलीपाशी? शेजाऱ्याचा दिवा बुद्धापुढं आणि ह्याचा भाकरीच्या तव्यापुढं? वसाहतीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यानं छाती फुगवून सांगितलं, तसबिरीपुढंच. तिसऱ्यानं मी विचारायच्या आधीच सांगितलं. कोपऱ्यातल्या चार घरांत यल्लम्मा होती, त्यांनी सांगितलं, आईपुढं. एका घरात तसबीरच नव्हती. तो गडी सायकल काढून बाजारात गेला, तसबीर घेऊन आला, खिळा मारून ती टांगली आणि मग म्हणाला, लिवा. दुपारपर्यंत चाळीसेक फॉर्म भरले. प्रत्येक दारात एक बाई बिड्या वळत बसलेली होती आणि प्रत्येक बाईवरनं मी टांग टाकून आत गेलो. त्या दिवशी मी जेवढ्या टांगा टाकल्या तेवढ्यात शर्यतीचं घोडं थकलं असतं.

साहेबांनी फॉर्म बघून पाठ थोपटली. अशी एकमुखी वसाहत त्यांनी नोकरीत पाहिली नव्हती. घराच्या नकाशावर मागच्या भिंतीपाशी त्यांनी पेन्सिलीनं एक गोल काढून त्यात फुली मारली. तो गोल आणि ती फुली मी शाईनं गिरवली. नमुना नकाशा म्हणून तो वर गेला आणि शिक्का घेऊन खाली आला.

आता आक्का दारात का बसायची? मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणालो तर माझी जीभ झडेल. लहानपणापासून मी तिच्या सुपाशेजारीच वाढलो. टेंभुर्णीची पानं भिजवून, पत्र्याचा साचा ठेवून कापायची, चिमटीनं तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, नखानं तोंड मिटायचं. हजार वेळा. तंबाखूचा खकाणा उडतो. बंद खोलीत तो बसला की तान्ह्या पोरांना खोकल्याची उबळ थांबत नाही. आक्काची धाकटी तर निळी पडायची. म्हणून सगळ्या बाया उंबऱ्यावर, समोरासमोर दोन रांगांत, हवा एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं जाईल अशा. आत, अर्ध्या भिंतीच्या मागं, ओल्या गोणपाटाखाली पानं झाकलेली असायची, आणि त्या पानांच्या वर, मागच्या भिंतीला, तसबीर. म्हणजे माझा दिवा उजेड देणार होता तो गोणपाटाला. निपाणीचं गोणपाट पुस्तक वाचत नाही, एवढं कळायला मला बेळगावला जायला नको होतं.

शिवाय आक्काची नजर उतरणीला लागली होती. हिवाळ्यात सहाला अंधार पडायचा. त्यानंतरच्या बिड्या ती अंदाजानं वळायची, आणि सकाळी कारखान्यात तपासणारा त्या अंदाजाच्या बिड्या ओंजळीनं बाजूला फेकायचा. फेकलेल्याला छाट म्हणायचे. छाट तुमची मजुरी खाते आणि तरी कारखान्याकडंच राहते. ती छाट पुढं जाते कुठं, कुणाच्या ओठात, हे विचारायची सोय नव्हती. तपासणाऱ्यानं आक्काला सांगून ठेवलं होतं, की येत्या महिन्यात छाट अशीच निघाली तर तिला पानं मिळणार नाहीत. पानं बंद म्हणजे काम बंद. पंचवीस वर्षं ज्या हातांनी वळलं त्या हातांना घरी बसायला सांगणार होते, आणि ते का, तर सहानंतर दिसत नाही म्हणून.

म्हणून ती दिव्याची वाट बघत होती. मी पेढे वाटले तेव्हापासून ती शेजारणींना सांगत होती, माझा भाऊ दिवा आणतोय. आणि भावानं आणला, गोणपाटासाठी.

शिडीच्या त्या प्रकारानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडता उघडताच मी साहेबांच्या खुर्चीसमोर उभा. साहेब मुळात वाईट नव्हते. वरच्या भागातले, धारवाडच्याही पलीकडचे, मराठी समजायचे पण बोलायचे नाहीत. मी सगळं सांगितलं. बाया, खकाणा, पानं, छाट. त्यांनी पूर्ण ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आगल्ल."

म्हणजे होणार नाही. आमच्या पट्ट्यातल्या पोराला कन्नड येवो न येवो, सरकारी कचेरीत एकदा जाऊन आलं की हा एक शब्द पाठ होतो. मी म्हटलं, साहेब, दहा फूट वायर इकडची तिकडं. ते म्हणाले, वायरचा प्रश्न नाही, वायर तेवढीच लागेल, उलट दार जवळ आहे, कमीच लागेल. मग? मग नकाशावर शिक्का आहे. शिक्का वरच्या कचेरीचा आहे. नकाशाच्या आधाराला फॉर्म आहेत आणि फॉर्मवर कुटुंबप्रमुखांच्या सह्या आहेत. चाळीसेक माणसांनी एका तोंडानं सांगितलं, आता त्यांच्या बायका म्हणतात म्हणून ते खोटं ठरवायचं का?

तिथं माझा तोल गेला. मी म्हणालो, घराला खिडकी नाही ते चाललं. नकाशात खिडकी, घरात भिंत, त्यावर शिक्का मारताना वरच्या कचेरीला कुणी विचारलं नाही. एका दिव्याच्या जागेसाठी मात्र सगळा कायदा जागा झाला. हे मी मोठ्यानं म्हणालो. एवढ्या मोठ्यानं, की कचेरीतलं भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ चालू झालं आणि ते पुढं दोन दिवस बरोबर वेळ दाखवत होतं.

साहेबांनी फायलीतनं दाजींचा फॉर्म काढला आणि माझ्यासमोर धरला. अक्षर कुणाचं? माझं. काय लिहिलंय? तसबिरीपुढे. "गुरुवारी मी प्रत्येक घरात हे बघणार," ते कन्नडमध्ये म्हणाले. "दिवा तसबिरीपुढं आहे की नाही, एवढंच. ज्या घरात नसेल ते घर नापास, त्याचं कनेक्शन पुढच्या यादीत." पुढची यादी म्हणजे काय ते आमच्या कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या यादीत नाव असलेले दोन म्हातारे वाट बघत बघत यादीसकट गेले होते.

संध्याकाळी मी आक्काकडं गेलो. ह्या खेपेला टांग टाकली नाही, बाहेरच मातीत बसलो. समोरच्या दारात म्हातारी आत्ती बसलेली, तिच्या घरात यल्लम्मा. दोघींना मी साहेबांचं म्हणणं सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं, कारण मला वाटत होतं की त्यांनी साहेबांना शिव्या द्याव्यात आणि मला जरा हलकं वाटावं.

आक्का वळता वळता थांबली. "काय बगणार म्हणला?"

"दिवा तसबिरीपुढं हाय का न्हाय."

"आनि भितीचं? कुठल्या भितीला, आतल्या का भायल्या?"

"ते फॉर्मात न्हाय. फॉर्मात निस्तं तसबिरीपुढे."

आक्कानं समोर बघितलं. म्हातारी आत्तीनं इकडं बघितलं. मग आक्कानं सूप खाली ठेवलं. मी तिला कामाच्या वेळेत सूप खाली ठेवताना त्याआधी दोनदाच बघितलं होतं, दोन्ही वेळा बाळंतपणाला. ती आत गेली, तसबीर काढली, पदरानं पुसली, आणि दारात येऊन चौकटीच्या वर, बाहेरच्या भिंतीला हातानं धरून उभी राहिली. "हितं बरी दिसती का बग."

बरी म्हणजे? अशी दिसत होती की गौतमबुद्ध सगळ्या गल्लीच्या बिड्या तपासायलाच बसलेत, आणि एक छाट काढणार नाहीत.

दाजी कामावरनं आले ते उंबऱ्याबाहेरच थबकले. त्या वर्षातलं त्यांचं तिसरं वाक्य निघालं: "तसबीर भायेर कशी?" आक्कानं सांगितलं, वारा लागू दे त्यास्नी बी, दहा वर्षं बिनखिडकीच्या घरात काढली. दाजींना ते पटलं नाही. गल्लीतले बाकीचे पुरुष जमले. उन्हात तसबिरीचा रंग उडेल, एक जण म्हणाला. पावसानं भिजेल, दुसरा म्हणाला. ज्यानं सायकलवर जाऊन आणली होती तो तर म्हणाला, मी खिळा एकदाच मारलाय, दुसरा मारणार नाही. हा वाद वाढला असता, पण म्हातारी आत्ती तिच्या यल्लम्माला हातात घेऊन तिच्या दारात आली.

"आईला डोईवर घिऊन गावभर फिरवत्यात," ती म्हणाली. "ती दारात बसली तर तिला लाज वाटत न्हाय. तुमास्नी का वाटाया लागली रं?"

दाजींनी आत जाऊन हातोडी आणली. खिळा त्यांनीच मारला, आणि तसबिरीवर पाणी येऊ नये म्हणून वखारीतनं आणलेला पत्र्याचा तुकडा वर छपरासारखा बसवला. गुरुवारपर्यंत चाळीसेक दारांवर चाळीसेक तसबिरी आणि चाळीसेक पत्रे. वायरमननं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. "नकाशात काय हाय ते मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "पर फॉर्मात हाय तसं ठोकू का?" मी म्हटलं, ठोक. गुट्ट्या दाराच्या वर बसल्या.

गुरुवारी साहेब जीपमधनं उतरले आणि गल्लीच्या तोंडाशीच उभे राहिले. दोन्ही बाजूंना दारं, प्रत्येक दारावर तसबीर, तसबिरीपुढं बल्ब, बल्बाखाली बाई, बाईच्या मांडीवर सूप. आणि चाळीसेक बायांपैकी एकही वर बघत नव्हती. सगळ्यांच्या कात्र्यांचा आवाज एकदम येत होता, जसा काही पाऊस पत्र्यावर पडतोय.

साहेबांनी माझ्याकडनं फॉर्मांचा गठ्ठा घेतला. पहिला फॉर्म वाचला, वर बघितलं. दुसरा वाचला, वर बघितलं. माझा नकाशा त्यांनी उलगडला, मग तो फिरवून बघितला, मग आडवा धरून बघितला. चार वेळा फिरवला तरी दार मागच्या भिंतीला जाईना. शेवटी आक्काच्या दारात येऊन त्यांनी, आजवर कधी न बोललेल्या मराठीत, विचारलं, "बाई, तसबीर कुठे आहे?"

आक्कानं कात्रीचं टोक वर दाखवलं.

"दिवा?"

आक्कानं कात्रीचं टोक जरा अलीकडं आणलं.

साहेबांनी फॉर्मच्या कडेला बरोबरची खूण केली. मग पुढच्या घरी. एकेक घर करत शेवटपर्यंत गेले, एकही नापास झालं नाही. जीपमध्ये बसताना ते मला म्हणाले की सगळं फॉर्मप्रमाणे आहे. नकाशाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकलो. त्या दिवशी बटण दाबल्यावर आक्कानं एक बिडी उजेडात धरून बघितली, टोकं बघितली, दोरा बघितला आणि सुपात टाकली. पुढच्या महिन्यात तपासणाऱ्यानं तिची बंडलं उलटीपालटी करून बघितली आणि पानं दिली. पुढं कितीतरी वर्षं दिली.

इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण मी ट्रेसर. माझ्या गोष्टीला प्रती निघतात.

त्या नकाशावरचा शिक्का कुणी पुसला नव्हता. वसाहतीत दिवे दारात लागले, फायलीत ते मागच्या भिंतीलाच राहिले. आणि फायल उत्तम होती, एकही घर नापास न झालेली, म्हणून वरच्या कचेरीनं तोच नकाशा पुढच्या सगळ्या वसाहतींना नमुना ठरवला. दोन वर्षांनी कामानिमित्त मी चिकोडीच्या बाजूच्या एका खेड्यात गेलो. तशीच जनता घरं, तशीच खिडकी नसलेली भिंत. संध्याकाळची वेळ होती. दारादारात बाया बिड्या वळत बसलेल्या, तोंडं दिसत नव्हती, फक्त कात्र्या ऐकू येत होत्या. आणि प्रत्येक घरात, आत, मागच्या भिंतीवर लख्ख बल्ब पेटलेला. मी एका घरात डोकावलो. ओलं गोणपाट चमकत होतं. बल्बची जागा मागच्या भिंतीपासून किती, बाजूच्या भिंतीपासून किती, ते मला न मोजता सांगता आलं असतं. त्या गोलाची आणि त्या फुलीची शाई माझी होती.

तिथल्या बायांना विचारलं, दिवा दारात का नाही मागितला? त्या हसल्या. एक म्हणाली, आमाला कोन इचारतंय, वायरमन आला, ठोकून गेला.

तिथनं मी थेट निपाणीला आलो. बस इतकी हळू चालत होती की माझा राग तिच्या पुढं पोचला असावा, कारण आक्कानं मला लांबनंच बघून पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. दिवा दारात जळत होता, तसबिरीवर पत्रा, खाली ती. मी पाणी न पिता सुरू झालो. साहेबांना धरलं, शिक्क्याला धरलं, ज्यानं कुटुंबप्रमुख हा शब्द शोधला त्याला धरलं, बारा खिडक्यांच्या बंगल्याला धरलं. दाजींना धरलं, ते आत भाकरी खात होते. चाळीसेक पुरुषांना एकेक करून धरलं आणि सायकलवाल्याला दोनदा. मग धरायला कुणी उरलं नाही, तेव्हा तिच्याकडं वळलो.

"आनि तू," मी म्हणालो. "सर्व्हेच्या दिवशी तू हितंच बसलीवतीस. दिवा दारात पायजे, येवढं एक तोंडानं बोलली असतीस, तर त्यो नकाशाच तसा निघाला असता. त्या सगळ्या बाया आज उजेडात असत्या. बोलली का न्हाईस?"

आक्कानं हातातल्या बिडीचा दोरा गुंडाळला, दातानं तोडला, नखानं तोंड मिटलं आणि बिडी सुपात ठेवली.

"मी दारात हुते," ती म्हणाली. "तू आत गेलतास."